दीड फुटाचा छज्जा: बाबांसोबत नाशिकची साधी घरं पाहताना

आमचं चिपळूणचं घर आता पाडावं लागणार आहे. 22 जुलै 2021 च्या पुरात पाणी घरात छातीएवढं चढलं होतं, तेव्हापासून मागच्या खोलीची भिंत सुटत चालली आहे. भाऊ म्हणतो, नवं घर दुमजली बांधू आणि वर सपाट स्लॅब टाकू, म्हणजे पुन्हा पाणी आलंच तर चढून बसायला जागा. बाबांना हे पटत नाही. बाबा गवंडी. चाळीस वर्षं त्यांनी चिरा, म्हणजे कोकणातला जांभा दगड, लावला. सपाट छपराचं घर त्यांना अर्धवट सोडलेलं काम वाटतं. दोन महिने घरात हाच विषय. शेवटी भाऊच म्हणाला, "नाशिकला आत्याकडे जाऊन या. तिचं स्लॅबचं घर इतकी वर्षं उभं आहे, बघा तरी." म्हणून ऐन आषाढात मी आणि बाबा पाच दिवस नाशिकला गेलो. देवदर्शन आणि द्राक्षं यांसाठी नाशिकला जाणारे पुष्कळ. आम्ही घरं बघायला गेलो, तीही कुणी फोटो काढणार नाही अशी.

पहिला दिवस: घाट आणि सिडको

रात्रीच्या गाडीने पनवेल, तिथून कल्याण, आणि सकाळी कल्याणहून नाशिकची गाडी. कसाऱ्याला गाडीला मागून जादा इंजिनं लागली आणि थळ घाट सुरू झाला. डब्यातली सगळी माणसं धबधब्यांच्या बाजूला. बाबा मात्र छपरं बघत होते. इगतपुरी स्टेशनाजवळची रेल्वेची जुनी घरं दगडी भिंतींची, वर मंगलोरी कौलं, चांगला उभा उतार. "हे आपलंच घर आहे," बाबा म्हणाले. "फक्त चिऱ्याच्या जागी काळा दगड."

पुढे घोटी गेली आणि पाऊस कमी होत गेला. तसतसा छपरांचा उतारही मोडत गेला. आधी कौलं, मग पत्रे, मग पत्र्याशेजारी एखादी गच्ची, आणि लहवित यायच्या सुमारास जिकडेतिकडे सपाट गच्च्या आणि त्यांवर काळ्या टाक्या. इगतपुरीला वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस पडतो, नाशिक शहरात सातशेच्या आसपास. मधलं अंतर जेमतेम पन्नास किलोमीटर. सह्याद्रीच्या भिंतीला ढग आपटून रिकामे होतात हे शाळेत शिकलो होतो, पण छपरांवरून ते इतकं स्वच्छ दिसेल असं वाटलं नव्हतं. (हा प्रवास दिवसाउजेडी करा. खिडकी मिळाली तर उत्तमच.)

आत्याचं घर सिडकोत. सातपूर आणि अंबडच्या कारखान्यांत काम मिळालेल्या माणसांना परवडेल अशी घरं हवी होती, म्हणून सिडको या सरकारी महामंडळाने इथे एकामागून एक सहा योजना उभ्या केल्या. कागदावर या भागाला नवीन नाशिक म्हणतात, बोलताना सगळे सिडकोच म्हणतात. पवननगर, उत्तमनगर, त्रिमूर्ती चौक, सावतानगर. गल्ल्या अरुंद, घराला घर लागून, आणि प्रत्येक घर शेजारच्यापेक्षा वेगळं.

हे वेगळेपण मुळात नव्हतं. आत्या सांगत होती, 1987 साली ताबा मिळाला तेव्हा अख्ख्या ओळीतली घरं एकसारखी होती. एक खोली, स्वयंपाकघर, मोरी, पुढे थोडी मोकळी जागा. रात्रपाळीहून येणारी माणसं चुकून दुसऱ्याची कडी वाजवायची. मग ज्याच्या हातात जसा पैसा आला तसं घर वाढलं. आतोबांनी बोनसच्या पैशांत आधी पुढची खोली काढली. मग मुलाच्या लग्नाआधी वरचा मजला. जिना आत घेतला तर खोली जाते, म्हणून बाहेरून लोखंडी जिना.

बाबांनी चहासुद्धा घेतला नाही, भिंतीवर बोटांची पेरं वाजवत फिरायला लागले. हॉलमध्ये एका ठिकाणी थांबले. "बाय, इथे सिडकोची भिंत संपते आणि तुझी सुरू होते. बरोबर?" आत्याने डोक्यालाच हात लावला. रंगाचे पाच हात बसले होते, तरी सांधा त्यांना आवाजावरून कळला. नीट पाहिल्यावर मलाही तिथे छतापर्यंत गेलेली केसाएवढी रेष दिसली. मग ते बाहेर गेले आणि खिडकीवरचा छज्जा वितीने मोजला. दोन विती. दीड फूट. आमच्याकडे तीन फुटांच्या आत छज्जा ठेवला तर पहिल्याच झडीला पाणी भिंतीतून आत येतं. इथे रिमझिम चालू होती आणि दीड फुटाखालची भिंत खरोखर कोरडी होती. बाबा बराच वेळ त्या कोरड्या भिंतीकडे बघत उभे राहिले.

आणि ओट्यावर त्यांना आपला चिरा भेटला. आत्याने घर घेतलं तेव्हा बाबांनी एसटीच्या टपावर टाकून दोन चिरे पाठवले होते, हे मी पहिल्यांदाच ऐकलं. त्यांवर आत्याचं तुळशी वृंदावन उभं आहे. सगळी गल्ली राखाडी सिमेंटची, रंगवलेली, आणि मधे हा लालबुंद खडबडीत दगड. चिरा खाणीतून काढला की मऊ असतो, वारा-ऊन लागलं की कडक होत जातो. बाबांनी नखाने खरवडून पाहिला. काहीच निघालं नाही.

संध्याकाळी शेजारच्या काकूंनी गच्चीवर बोलावलं. त्या अमळनेरकडच्या. या ओळीत धुळे-जळगावकडची आणि कसमादे (कळवण, सटाणा, मालेगाव, देवळा) पट्ट्यातली घरं जास्त. बाहेर मराठी, घरात अहिराणी. त्यांच्या गच्चीच्या कोपऱ्यात चार पत्र्यांच्या आडोशाला मातीची चूल, आणि चुलीवर पालथं घातलेलं खापर. आमच्यासाठी खास मांडे केले होते. पुरण भरलेला गोळा दोन्ही हातांवर झेलत झेलत त्या मोठा करत होत्या, शेवटी तो कोपरापर्यंत लोंबायला लागला आणि एका झोक्यात खापरावर पडला. पातळ इतका की खालची आच दिसत होती. "बठा ना भाऊ, मांडा गरम शे," त्या बाबांना म्हणाल्या. दूध घालून खाल्ला. असा मांडा मी आयुष्यात खाल्ला नव्हता.

त्या गच्चीनेच मला या घरांची किल्ली दिली. खाली गॅसचा स्वयंपाकघर-ओटा, ग्रॅनाइट, सगळं काही आहे. पण चूल, खापर, उन्हाळ्यातल्या कुरडया-पापड, चैत्र-वैशाखातलं रात्रीचं झोपणं हे सगळं वर. तिकडे गावी धाब्यावर, म्हणजे घराच्या सपाट मातीच्या छपरावर, जे जे चालायचं ते इथे गच्चीवर आलं. पावसाळ्यानंतर बैठकीची खोली रंगवायची सोडून त्या आत्ताच रंगारी लावणार होत्या, कारण श्रावणात कानबाई, खानदेशातली घरोघरची देवी, बसायची होती. हॉलमधली मधली भिंतही त्यांनी त्यासाठीच काढून टाकली: कानबाईच्या रात्री भाऊबंद, लेकी-सुना सगळ्यांनी एका खोलीत बसता यायला हवं. आत्याच्या हॉलमध्ये ती भिंत अजून आहे, कारण आतल्या खोलीत तिचे गणपती बसतात. एकाच नकाशावर बांधलेली शेजारशेजारची दोन घरं, पण आतून खानदेश आणि कोकण.

दुसरा दिवस: गावठाण

सिटीलिंकच्या बसने रविवार कारंजा. सकाळी दहाच्या आत गावठाण फिरून घ्यावं, मेन रोडची दुकानं उघडली की पायी चालणंही कठीण. आधी मिसळ खाल्ली. काळ्या मसाल्याची, पापड वेगळा, रस्सा पाहिजे तेवढा.

तिवंधा, सराफ बाजार, भद्रकाली या भागात अजून वाडे आहेत, पण मोजके. सरकारवाडा पेशवेकालीन आणि संरक्षित आहे, त्याच्या काळ्या दगडी पायऱ्या पाहाव्यात. आम्हाला मात्र लोक राहतात असे वाडे पाहायचे होते. एका बोळात दिंडी दरवाजा उघडा दिसला. बाबांनी बाहेरून "कुणी आहे का?" अशी हाक दिली. सत्तरीतल्या एक आजी आल्या आणि कुठले, काय विचारून सरळ आत घेऊन गेल्या. (विचारल्याशिवाय आत शिरू नका, मोबाइलही आधी काढू नका. विचारलं तर या बोळांत नाही म्हणणारं कुणी आम्हाला भेटलं नाही.)

मधे चौक, चहूबाजूंनी ओसरी, माजघरात दिवसाही दिवा लागतो इतका गारवा आणि अंधार. आजी म्हणाल्या, "आमचं घर आठ खणांचं होतं. आता आम्ही तीन खणांत राहतो, बाकी पडलं." खण म्हणजे दोन खांबांमधली जागा. चौरस फूट येण्याआधी घर खणांत मोजायचे. बाबा एका खांबापाशी बसले. खाली घडीव तळखडा, त्यावर सागाचा खांब, वर तुळई, तुळईवर कड्या, कड्यांवर पाट. भिंत खालून अर्धी खचली होती, आतली पांढरी माती उघडी पडली होती, आणि वरचं छत जागच्या जागी होतं.

"पोरी, बघ. हिच्यावर भार नाहीच."

त्यांच्या आवाजात जे होतं ते मला तेव्हा पूर्ण कळलं नाही. रात्री त्यांनी समजावून सांगितलं. आमच्याकडे चिऱ्याची भिंतच सगळा भार घेते. भिंत सुटली की घर गेलं. वाड्यात भार लाकडी सांगाडा घेतो, भिंत फक्त आडोसा. नव्या स्लॅबच्या घरात कॉलम-बीम तेच काम करतात. "म्हणजे भाऊ जे सांगतोय ते नवीन नाही. इथले लोक दोनशे वर्षं करतायत, लाकडात," बाबा म्हणाले. सिमेंटच्या कॉलमला ते कायम 'कंपनीचं काम' म्हणत आले होते. त्या रात्रीनंतर एकदाही म्हणाले नाहीत.

आजींच्या वाड्याला महापालिकेची नोटीस आहे. दर पावसाळ्याच्या तोंडावर धोकादायक वाड्यांना नोटिसा जातात. मालक सहा, भाडेकरू चार, कोर्टात दावा, त्यामुळे दुरुस्ती कुणीच करत नाही. कौलं सरकली, पाणी तुळईत शिरलं की साग असला तरी टोकं कुजतात, आणि मग एका रात्री एक कोपरा बसतो. हे घर वाचवता येण्यासारखं होतं. बाबांनी टोकं दाबून पाहिली होती, दोनच तुळया गेल्या आहेत. दोन तुळयांसाठी एवढं घर जाणार, याचं मला अजून वाईट वाटतं.

परतताना गोदाघाटावर गेलो. दुतोंड्या मारुतीच्या कुठपर्यंत पाणी आलं यावरून नाशिककर पुराचा अंदाज घेतात. त्या दिवशी पाणी त्याच्या पायांच्याही खाली होतं. पण चिपळूणच्या माणसाला पाण्याची खूण दाखवली की तो बघतच राहतो. सराफ बाजाराच्या खालच्या अंगाची जुनी घरं उंच जोत्यावर का आहेत, पाच-पाच पायऱ्या चढून दार का येतं, ते आम्हाला कुणी सांगायची गरज नव्हती. बाबा म्हणाले, "जोतं वाढवायचं. ते ठरलं." घराबद्दल एवढं ठाम वाक्य त्यांनी दोन महिन्यांत पहिल्यांदा उच्चारलं.

तिसरा दिवस: देवळाली कॅम्प

हा दिवस आरामाचा. नाशिकरोडवरून जाताना 1925 सालच्या इंडिया सिक्युरिटी प्रेसचा परिसर लागतो, पुढे देवळाली कॅम्प. लष्करी छावणी, आणि कोरड्या हवेसाठी मुंबईहून येणाऱ्या पारशी-गुजराती कुटुंबांचे बंगले आणि सॅनिटोरियम. लॅम रोडवरून चालत गेलात तर मोठ्या झाडांमागे बैठी लांबट घरं दिसतात, पुढे रुंद व्हरांडा, लाकडी जाफरी, वर कौलं. बाबांना पडवीची आठवण झाली, पण ही पडवी पावसासाठी नाही. इथे लोक हवा खायला खुर्ची टाकून बसत. काही बंगल्यांच्या जागी आता सात मजली इमारती आहेत, आणि त्यांच्या बाल्कन्या इतक्या अरुंद की खुर्ची ठेवली तर दार उघडत नाही.

चौथा दिवस: त्र्यंबकच्या पुढे

नाशिकहून निघालो तेव्हा रस्ता कोरडा होता. त्र्यंबकेश्वर फक्त अठ्ठावीस किलोमीटर, आणि तिथे पोहोचेपर्यंत समोरची गाडी दिसेनाशी झाली. (छत्री नेऊ नका, वाऱ्याने उलटते. रेनकोटच हवा.) दर्शनाची रांग मोठी होती, कळसाला हात जोडून हरसूलच्या रस्त्याला लागलो.

इकडच्या पाड्यांवर कुडाची घरं अजून आहेत. कारवीच्या काठ्या उभ्या बांधून त्यावर शेणमातीचा लेप, वर उतरतं कौलारू छप्पर, आणि पाखं इतकं खाली आलेलं की वाकून आत जावं लागतं. एका घरापुढे घरकुलाची पक्की खोली होती, सपाट स्लॅबची. वर निळा प्लास्टिक कागद, त्यावर दगड. माणसं राहत होती मागच्या कुडात. घरातल्या बाईंनी चुलीपाशी बसवून काळा चहा दिला आणि म्हणाल्या, पक्क्या खोलीत भात ठेवतो, तोही फळीवर, कारण खाली ओल येते.

बाबा शिडी मागून वर चढले. मला भीती वाटत होती, पण ते पासष्टाव्या वर्षीही शिडीवर माझ्यापेक्षा स्थिर असतात. खाली उतरले ते चिडलेले. स्लॅबवर कोबाच केला नव्हता. विटांचे तुकडे बसवून, वर सिमेंटचा हात मारून, पाणी पन्हाळीकडे जाईल असा उतार द्यावा लागतो. तो नव्हता, म्हणून पाणी मधे साठत होतं. पन्हाळीचा पाइपही स्लॅबच्या पातळीपेक्षा बोटभर वर. "स्लॅबचा दोष नाही. करणाऱ्याने घाई केली," ते म्हणाले. ज्या माणसाने दोन महिने स्लॅबला नावं ठेवली होती, तो भर पावसात स्लॅबची बाजू घेत होता. बाईंना त्यांनी पाइप कुठे खाली घ्यायचा ते खडूने खूण करून दाखवलं, आणि कोब्याला किती विटा लागतील तेही.

पाचवा दिवस: येवल्याच्या वाटेवर

शेजारच्या काकूंची लेक निफाडच्या पुढे एका गावात दिली आहे. काकूंनी फोन करून ठेवला होता. ओझर, पिंपळगाव गेलं की ढग उंच होतात आणि निफाडच्या पुढे तर ऊनच पडलं. आदल्या दिवशीचे आमचे बूट अजून ओले होते.

तिच्या सासरचं जुनं घर धाब्याचं. लाकडी कड्यांवर पाट, त्यावर मातीचा जाड थर, सगळ्यात वर खारी माती. खारी माती ओली झाली की घट्ट बसते, पाणी खाली झिरपू देत नाही. पावसाळ्याआधी दरवर्षी तिचा थर टाकून धुमसतात. सासरे म्हणाले, "यंदाची खारी टाकून दीड महिना झाला, अजून नीट भिजली नाही." बाहेर अंग भाजत होतं आणि धाब्याखाली घाम येत नव्हता. हेच छप्पर चिपळुणात एक आषाढ टिकणार नाही, आणि आमची कौलं इथल्या उन्हात तापून घराची भट्टी करतील.

अंगणात कांदाचाळ होती. लांबट, अरुंद, दोन्ही बाजूंना बांबूच्या पट्ट्या आणि तळही जमिनीपासून उचललेला, म्हणजे हवा खालून शिरते आणि ढिगातून वर जाते. उन्हाळ कांदा एप्रिल-मेमध्ये भरला की दिवाळीपर्यंत राहतो. बाबांनी तळाखाली हात घालून हवा पाहिली. जेवायला बाजरीची भाकरी, ठेचा आणि तोंडी लावायला बुक्कीने फोडलेला कांदा. चाळीतलाच.

रस्त्याला लागून त्यांचा नवा बंगला आहे. गोल खांब, काचेची गॅलरी, नाव 'श्रमसाफल्य'. कांद्याला दर चांगला होता त्या वर्षी बांधला. दुपारी सगळे झोपायला मात्र जुन्या घरात येतात.

परतीची गाडी

निघताना काकूंनी मला खापर दिलं, साडीत गुंडाळून. आत्याने चिवडा दिला. गल्लीच्या तोंडापर्यंत सोडायला आली आणि बाबांना म्हणाली, "दादा, तू आलास, भिंत वाजवलीस, बरं वाटलं."

लहवित, अस्वली, घोटी. छपरांना पुन्हा उतार येऊ लागला. इगतपुरीला गाडी थांबली आणि डब्याच्या टपावर पाऊस कोसळायला लागला. बाबांनी माझ्याकडे पेन मागितलं आणि चिवड्याची रिकामी पिशवी फाडून सरळ केली. आधी जोतं काढलं, पाच पायऱ्यांचं. मग आठ कॉलम. जिना बाहेरून, आत्यासारखा. वर स्लॅब, त्याला पन्हाळीकडे उतार दाखवणारा बाण. मी म्हटलं, भाऊ खूश होईल. त्यांनी मान हलवली आणि स्लॅबच्या वर आढं काढलं, दोन्ही बाजूंना पाखं ओढली, आत कौलांच्या रेघा भरल्या. स्लॅब आणि कौलांच्या मधे माणूस बसेल एवढी जागा ठेवली. तिथे एक छोटी खिडकीही काढली, पाणी आलं तर बाहेर बघायला.

मग खिडक्यांवरच्या छज्जाला बाण काढून लिहिलं: तीन फूट.